आधी तळवे दाखवा

माणसाचं तोंड खोटं बोलतं, तळवा कधी बोलत नाही, असं मानणारा जगातला एकमेव माणूस म्हणजे सांगलीला मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हातारे डॉक्टर. रोगी पोटदुखीचा असो की डोकेदुखीचा, आधी पाय धुऊन तळवे दाखवायचे. एकदा डोकं धरून आलेल्या मामलेदारसाहेबांनाही त्यांनी मोजे काढायला लावले. एक मोजा नेमका अंगठ्याशी फाटलेला निघाला. साहेब खवळले, "डॉक्टर, डोकं वर असतं!"

"असतं की. ते उभं कशावर आहे, ते बघतो," म्हातारा म्हणाला.

त्यांचं दुसरं वेड सूक्ष्मदर्शकाचं. त्याचा खालचा आरसा खिडकीकडे वळवून उजेड घेतल्याशिवाय काही दिसत नाही, हे ते मला रोज नव्याने सांगत. मला राग यायचा. मी नुकताच पास झालो होतो, त्यामुळे मला सगळंच येत होतं.

लढाईवरून परतलेला खटावकडचा एक हवालदार जांघेत गाठ घेऊन आला. मी गाठीचा तुकडा काढून काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मांसात चक्क हाड! मधूनमधून काळे कणही होते. ती घाण समजून मी भिंग रुमालाने दोनदा पुसलं. मग हाडाचा कॅन्सर असल्याचं जाहीर केलं आणि उद्या पाय जांघेपासून कापायचा, हेही सांगून टाकलं. हवालदाराची बायको भिंतीला टेकून खालीच बसली.

म्हाताऱ्यांनी काच पाहण्याआधी पाण्याची बादली मागवली. धुतलेल्या टाचेवर काळा डाग होता.

"त्यो व्हय? बाभळीचा काटा मोडलाय," हवालदार म्हणाला. "न्हाव्यानं दोनदा कोरला, न्हाई निघाला."

मग म्हाताऱ्यांनी काच पाहिली, छातीचा फोटो काढून पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "काटा नव्हे तो, अन् तू पुसलीस ती घाणही नव्हे. टाचेच्या कातडीतला काळा कॅन्सर जांघेत पोचलाय. तिथं त्यानं हाडाचं सोंग घेतलं आणि तू फसलास. आता तो छातीतही आहे. पाय कापून त्याला काय मिळणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी हवालदाराला काही न लपवता सांगितलं. त्याने पायाकडे बघत विचारलं, "म्हंजी पाय न्हाई कापायचा?"

"नाही."

"मग लय झालं, डाक्टर. आपल्या पायानं घरी जातो."

नवराबायको वळणापर्यंत चालत जाताना आम्ही खिडकीतून पाहिली. मग म्हातारे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. मी जवळ गेलो, तर आरसा भिंतीकडे वळलेला होता. मी तसाच मागे फिरलो. त्या दिवशी तेवढं एक निदान मी बरोबर केलं.