चढ नसलेला किल्ला

पुण्याच्या माणसाला किल्ला दाखवायला नेणं म्हणजे हलवायापुढे पेढ्यांचं ताट धरणं, हे मला कळत होतं. तरी मी नेलं, कारण विषय त्यांनीच काढला होता.

आमची पोरगी पुण्यात नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला होता, आमची ना नव्हती. घोडं अडलं होतं ते लग्न कुठं करायचं यावर. आमच्याकडे लग्न मुलीच्या दारी होतं, त्यातून ती एकुलती एक, त्यामुळे मला नागपूरच हवं होतं. त्यांना पुणं हवं होतं, 'सगळ्यांना सोयीचं' म्हणून. सगळे म्हणजे ते. मुलाला काही रजा मिळाली नाही. त्याचे आईवडील मात्र हे ठरवायला आमच्या पोरीबरोबर नागपूरला आले आणि पहिल्याच चहाला होणारे व्याही म्हणाले, "तुमच्याकडे बाकी छान आहे हो, पण किल्ले नाहीत. रविवारी तुम्ही लोक करता तरी काय?"

"किल्ला आहे ना," मी म्हणालो. "चांगला राजाचा आहे. तुमच्या गडांहून जुना."

बोलताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त रामटेकच्या रस्त्यावरची नगरधन किल्ल्याची पाटी होती. रामटेकला आम्ही उभ्या जन्मात कितीदा गेलो त्याला गणती नाही, पण त्या पाटीपाशी गाडी एकदाही वळली नव्हती.

"आपण कधी गेलो जी तिथं?" बायकोनं स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"आपलाच हाये वं. घरचं कोनी पाह्यते काय?"

तिनं कपाळावर हात मारला आणि कणीक चाळायला घेतली. न जाण्याचं कारण एकच, आम्ही नागपूरकर बघायला म्हणून कुठंच जात नाही. आम्ही जेवायला जातो आणि जेवण होईपर्यंत समोर जे असेल ते बघतो. हिंगण्याच्या कारखान्यात माझ्याबरोबर असलेल्या एका मित्राचं शेत किल्ल्याजवळच होतं. तिथं गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड गोळे, म्हणजे आमचे रोडगे भाजायचे, चुलीवर वांग्याची भाजी करायची आणि रोडगे शिजेपर्यंत किल्ला उरकायचा, असा माझा बेत होता. लग्नाच्या जागेचं राजकारणही त्यातच उरकेल अशी आशा होती.

रविवारी सकाळी व्याही खोलीतून बाहेर आले ते मोहिमेवर निघाल्यासारखे. पायात डोंगरात घालायचे जाड बूट, पाठीवर नळीनं पाणी प्यायची पिशवी, हातात घडीची काठी. विहीणबाईंनी दोन्ही गुडघ्यांना पट्टे चढवले होते.

"चढाई साधारण किती तासांची?" व्याह्यांनी विचारलं.

"बघू," मी म्हणालो. मला तरी कुठं ठाऊक होतं!

कन्हान मागे पडलं, पाटी आली, गाडी पहिल्यांदाच वळली आणि थेट किल्ल्याच्या दरवाजासमोर जाऊन थांबली. व्याही उतरले, काठी उलगडली आणि त्यांनी मान वर केली. वर आभाळ होतं. आजूबाजूला तुरीची शेतं होती, सपाट, परातीत पीठ थापावं तशी.

"चढ कुठून सुरू होतो?"

"चढ नाही."

"मग शत्रूला अडवायचे कसे?"

मी काही जोडून सांगणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "जेवू घालत असन त्याले."

विहीणबाई खळखळून हसल्या. व्याह्यांनी मात्र ती माहिती म्हणून ऐकून घेतली.

आत ते परीक्षकासारखे फिरले. तट बरा आहे, बुरूज ठीक आहेत, दरवाजा चांगला आहे. मी मागून हुं हुं करत होतो आणि मनात कबूल करत होतो की किल्ला खरंच देखणा आहे. एवढी वर्षं आपण याच्या बाजूनं वडा-भजी खात निघून गेलो, याचं थोडं वाईटही वाटलं. मग विहिरीत उतरतात तशा पायऱ्या लागल्या. खाली देवीचं ठाणं होतं. चढायला आलेली माणसं आता उतरू लागली. खालून परतताना विहीणबाईंचे गुडघे बोलू लागले, तेव्हा आमची पोरगी दोन पायऱ्या मागे आली आणि म्हणाली, "आई, हात द्या."

माझ्या शेजारी उभी असलेली बायको सवयीनं अर्धी वळली. मग हात तिच्यासाठी नाही हे कळून तशीच थांबली. मी तटाचे दगड बघत राहिलो.

शेतात रोडगे झालेच होते. व्याह्यांनी चमचा मागितला. मित्र म्हणाला, "भाऊ, हातानं कुस्करा. वरतून तूप घ्या, लाजू नका." पुढचं फार सांगत नाही. कोणी किती खाल्लं हे मोजणं आमच्यात पाप समजतात. थोड्या वेळानं व्याह्यांनी बूट काढले, मग कमरेचा पट्टा सैल केला, मग आंब्याखाली आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, "लग्न नागपूरलाच करू. जेवण मात्र हेच ठेवा."

शत्रू असा पडला. तारीखही तिथंच, तुपाच्या हातांनी ठरली. मला एवढा आनंद झाला की मी मित्राला मिठी मारली.

निघताना व्याह्यांनी ती काठी माझ्या हातात दिली. "तुम्हीच ठेवा. आता पोरीला भेटायला आमच्याकडे येत जाल. एकेक गड चढवतो तुम्हाला."

परतताना ते पुढे ड्रायव्हरशेजारी घोरत होते. मधल्या सीटवर विहीणबाई आणि आमची पोरगी बसल्या होत्या. सगळ्यात मागे आम्ही दोघं, आणि माझ्या गुडघ्यांमध्ये काठी. कामठी येईतो पोरीला झोप लागली. तिची मान कलली आणि विहीणबाईंच्या खांद्यावर टेकली. त्यांनी ती हलकेच सावरून घेतली. बाई मनानं चांगली होती, त्यामुळे राग धरायचीही सोय नव्हती.

"घ्या," बायको हळूच म्हणाली, "गड तं आला तुमचा."

या म्हणीचं पुढचं अर्ध शेंबड्या पोरालाही येतं. ती ते बोलली नाही. मीही बोललो नाही.