थंडीत घातलेलं पाणी

आईची हळद भिंतीच्या रंगाच्या रिकाम्या बादलीत यायची. कोपरखैरण्याच्या घराला बाल्कनी नाही, खिडकीला बाहेर काढलेलं ग्रिल आहे. त्यात ती पांढरी बादली, शेजारी तुळस आणि वर बाबांचे वाळत घातलेले बनियन. लग्न होऊन आली तेव्हा आईनं कोकणातल्या माहेराहून ओल्या हळदीचा एक गड्डा पदराला बांधून आणला होता. सोनं नाही तर नाही, सोन्याच्या रंगाचं काहीतरी आणलं, असं बाबा तिला चिडवायचे. "पातोळ्या खाताय ना? मग गप खा," एवढंच तिचं उत्तर असायचं.

श्रावणात पानं हातभर लांब व्हायची. धुतलेल्या पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, त्यावर गूळ-खोबरं, मग पान दुमडून मोदकपात्रात. झाकण काढलं की वास जिन्यापर्यंत जायचा. हळदीचं तिचं सगळं शास्त्र बोटांत होतं. वरणात हळद दिसावी, पण चवीला लागू नये. मासे धुतले की आधी मीठ-हळद. बोट कापलं तर चिमूटभर हळद दाबून धरायची, घसा बसला तर गरम पाण्यात मीठ-हळद घालून गुळण्या, आणि खोकल्याला हळदीचं दूध. त्यात मिरपूड टाकायचीच, नाहीतर ते दूधच नव्हे. आता तेच दूध मॉलमध्ये कागदी पेल्यात इंग्रजी नावानं मिळतं. मी सीवूड्सला राहते, येता-जाता ती पाटी दिसते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

म्हणून आईला खोकला लागला तेव्हा बाबांनी हळदीचं दूधच केलं. जन्मात कधी स्वतःचा चहा न केलेला माणूस रोज संध्याकाळी गॅससमोर उभा राहून दूध ढवळायचा. आईही म्हणायची, बरं वाटतंय. वाटतही असेल, घसा शेकतो तेवढा. पण खोकला घशाचा नव्हताच. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, दुखणं कधीचंच फुप्फुसांत पसरलंय, थोडं आधी आला असतात तरी फारसा फरक पडला नसता. मी ते नीट ऐकलं. बाबा शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांच्या कानात ते शिरलं की नाही, कोण जाणे.

दिवाळीनंतर आई गेली.

थंडी पडली तशी हळदीची पानं पिवळी होऊन आडवी झाली. ती दर वर्षीच होतात. पानं वाळली की आई पाणी तोडायची आणि बादली कोपऱ्यात सरकवून ठेवायची. मी लहानपणी उगीच तांब्या घेऊन गेले की ओरडायची, "राहू दे गो, निजलीय ती. पावसाच्या तोंडावर उठेल." बाबा तेव्हा कामावर असायचे. ग्रिलमधलं राज्य आईचं होतं, त्यात त्यांनी कधी लक्ष घातलं नाही, आणि त्यांना हे सांगायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. "ताई, बाबांना जरा सांगा ना. रोज सकाळी वरून पाणी गळतं, आमचे कपडे भिजतात. कम्प्लेंट नाही करायची हो, पण रोजचंच झालंय."

मी गेले तेव्हा बाबा तांब्या घेऊन खिडकीतच उभे होते. बादलीत नुसता चिखल.

"बाबा, कधीपासून पाणी घालताय?"

"ती गेल्यापासून. सुकायला लागली होती बघ. एक दिवस चुकवला नाही मी."

शाळेतून येऊन मार्क सांगावेत तसं सांगितलं त्यांनी. मी माती उकरली. बोटांना आत मऊ मऊ लागलं. पिवळा रंग कुठेच नव्हता, होता तो तपकिरी, आंबूस वासाचा लगदा. एकही गड्डा धड राहिला नव्हता. आई गेली त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहापाण्यात मला रडायला फुरसत झाली नव्हती. ते सगळं रडू त्या बादलीपाशी आलं, चिखलाचे हात तसेच धरून मी हुंदके देत बसले.

"कुजली?" बाबांनी विचारलं.

"थंडीत पाणी नाही घालायचं, बाबा. ती वरून मेल्यासारखी दिसते, आत जिवंत असते."

बोलून गेले आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं. बाबा पलंगाच्या कडेवर बसले. तांब्या मांडीवर ठेवला.

"तिला दूध देत बसलो," ते म्हणाले. "आणि हिला पाणी."

"डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय ना? काही फरक पडला नसता."

"म्हणाले होते खरं," बाबा म्हणाले आणि तांब्या विसळायला आत गेले.

मे संपता संपता मी बोनकोड्याला आईच्या मैत्रिणीकडे गेले. या काकू मूळच्या त्या गावातल्याच, दारापुढे अजून थोडी माती राखून आहेत. त्यांनी विळ्यानं माती सारली आणि कोंब फुटलेला गड्डा माझ्या हातावर ठेवला. "तुजे आईनंच दिल्याला हाय ह्यो. तिचाच हाय. ने," म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

बादली घासून, नवी माती भरून मी तो लावला. आता पाणी घालायचे दिवस होते. तांब्या भरून मी बाबांपुढे धरला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तू घाल. माझ्या हातानं नको."

मी समजावलं, चिडले, विनवण्याही केल्या. त्यांनी हात पुढे केले नाहीत. मग मीच सीवूड्सहून एक दिवसाआड येऊन पाणी घालू लागले. पानं वर आली, रुंद झाली, त्यांचा तो वासही सुटायला लागला. बाबा ग्रिलकडे फिरकत नाहीत. मी तांब्या उचलला की उठून आतल्या खोलीत जातात, आणि माझं झालं की तिथूनच हळू आवाजात विचारतात, "जास्त तर नाही ना झालं?"