क्लॅरेन्स पेनहेल आणि बाकाचं दार

माझ्या बहिणीचा नवरा क्लॅरेन्स पेनहेल देवमाणूस आहे, असं आमचं सगळं हॅरिएट बे गाव म्हणतं. म्हणू दे. लोकांना म्हणायला काय जातं? देवमाणसाशी संसार माझ्या बहिणीला करावा लागतो.

मी तौनो. गावाच्या बीव्हर्स ह्या आइस हॉकी संघाची बस चालवतो, म्हणून ह्या माणसाच्या आयुष्याचा बराचसा भाग मी आरशातून पाहिलाय. तो पोरगा होता तेव्हापासून बर्फावरच. बापाने नोव्हेंबरात अंगणात पाणी सोडून बर्फ गोठवला की मार्चपर्यंत हा घरात फक्त जेवायला यायचा. पुढे सतरा वर्षं खालच्या लीगांमधून हॉकी खेळला. खेळणं आणि पुढचं कोचपण धरून अकरा गावं झाली. हेल्मीने, म्हणजे माझ्या बहिणीने, अकरा वेळा पडदे शिवले, आणि एकदाही त्याच खिडक्यांना दुसऱ्यांदा लागले नाहीत.

वरच्या लीगमधून बोलावणं आलं ते एकदाच. तिकडचे तिघं जायबंदी झाले होते. हेल्मी शेजारणीचा चांगला कोट मागून सामना बघायला गेली. क्लॅरेन्स सगळा जामानिमा करून, स्केट्सच्या नाड्या आवळून बाकाच्या टोकाला बसला, आणि सामना संपेपर्यंत बसूनच राहिला. बर्फावर उतरला नाही तर तो सामना खेळाडूच्या नावावर लागत नाही. लोक अजून विचारतात, "वरती खेळलास ना रे तू?" हा म्हणतो, "नाही, वरती बसलो." आणि हसतो. मला नाही येत हसू.

गुडघे गेल्यावर कोच झाला. कोच कसला, कुणाचा तरी मदतनीस, नाहीतर खरा कोच मिळेपर्यंतचा तात्पुरता. शेवटी आमच्याच गावाने त्याला बीव्हर्स दिले. हेल्मीने घर घेतलं, मागे सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, बांधून घेतला, आणि माझ्यादेखत त्याला सांगितलं, "आता मी इथून हलणार नाही. बारावं गाव बघायचं असेल तर एकटा जा." तो बरं म्हणाला. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी, गावातली खाण बंद पडलेली असताना, हॉकी सोडून ह्या माणसाला इथे कोण काम देणार होतं?

आणि त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही ओळीने आठ सामने हरलो.

आठवा शुक्रवारी, परगावी. शनिवारी सकाळी मी मोटेलसमोर बसच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो, तेवढ्यात क्लॅरेन्स आला.

"काढलं," तो म्हणाला.

"कुणाला?"

"मला. गॅलोवेचा फोन होता. आजचा सामना कोच म्हणून रोशॉन बघेल."

गॅलोवे म्हणजे संघाचा मालक. फर्निचर विकतो, आणि त्याला वाटतं माणसंही सोफ्यासारखी बदलता येतात. रोशॉन आमचा कप्तान, क्लॅरेन्सच्याच हाताखाली तयार झालेला.

"अगदीच काढलं नाही म्हणा," क्लॅरेन्स म्हणाला. "आज रोशॉन हरला तर सोमवारी परत बोलू म्हणाला. मग बहुतेक मलाच ठेवेल."

माझा जीव भांड्यात पडला. "मग कसली काळजी? आठ हरलेत, नववा कुठे जातोय?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या आईला शिवी दिली.

दुपारचा सामना वाटेतल्याच एका गावी होता, आणि घरी जायला आमच्या बसशिवाय दुसरं काही नव्हतं. बसमध्ये उजवीकडची पहिली जागा कोचची. रोशॉन तिच्याशेजारी उभा राहिला, कानापर्यंत लाल झालेला. संघात क्लॅरेन्सला सगळे पेनीच म्हणतात. "पेनी, तूच बस ना इथे."

"बस मुकाट्याने," क्लॅरेन्स म्हणाला. "कोच मागे बसला तर पोरं डोक्यावर बसतात."

आणि स्वतः माझ्याशेजारच्या घडीच्या स्टुलावर बसला, पायांत सामानाच्या पिशव्या घेऊन. मागे त्या दिवशी कुणी पत्तेही काढले नाहीत.

तिथे पोचल्यावर तो आत गेला नाही. आम्ही दोघं बसमध्ये रेडिओ लावून हेल्मीने दिलेल्या थंडगार पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या जाड करंज्या, खात बसलो. हेल्मी त्यांत गाजर घालते. क्लॅरेन्सच्या आईच्या मते तो गुन्हा आहे. तीन भागांतला पहिला संपला तेव्हा आम्ही एकाने मागे, दुसरा संपला तेव्हा दोन-एकने मागेच. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या, तोंड मात्र मी लांब ठेवलं होतं.

"फार वेळ ठेवतोय पोरांना बर्फावर," क्लॅरेन्स स्वतःशीच म्हणाला. "दमलीत. आणि तो त्यांचा बारा नंबर मोकळा सुटतोय."

"सुटू दे की. तुझ्या बापाचं काय जातंय?"

तेवढ्यात बसच्या दारावर थाप पडली. रोशॉन. बाहेर बर्फ पडतोय आणि हा नुसत्या शर्टावर, टाय खांद्यावर उडालेला.

"पेनी, सामानवाला ऑस्कर ओकून आडवा झालाय. बाकाच्या दाराला माणूस नाही. आणि त्या बारा नंबरचं करू तरी काय?"

"काय करायचं ते कर," मी म्हणालो. "ह्याला काढलंय ना तुमच्या शेठने? मग?"

रोशॉनने मान खाली घातली. "सोमवारचं मला ठाऊक आहे, तौनो. गॅलोवे मलाही बोलला. पेनी, तू नाही म्हणालास तर मला राग येणार नाही. खरंच सांगतो."

इतकं सरळ कुणी बोललं की भांडायलाही जागा राहत नाही. मी क्लॅरेन्सचं मनगट धरलं. "हे बघ, हेल्मीचा विचार कर. एक तास गप्प बस. जन्मात एकदा गप्प बस."

"तिचाच विचार करतोय," तो म्हणाला, आणि वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. मग उतरताना रोशॉनला सांगायला सुरुवात केली. "बारा नंबरवर बुटक्या सॅवर्डला सोड. तो गोल करणार नाही, पण चिकटून राहील. आणि पोरं चाळीस सेकंदांत बाहेर घे. मी हाक देतो."

खेळाडूंच्या बाकापुढे कठडा असतो, आणि त्याला एक फाटक असतं. ते उघडणारा माणूस बाहेरून बघणाऱ्याला हमाल वाटतो. पण दमलेला खेळाडू कधी आत यायचा आणि ताजा कधी सुटायचा, हे त्या फाटकावर ठरतं. मीही मागोमाग आत गेलो आणि मैदानाच्या काचेला नाक लावून बघत होतो. काढून टाकलेला कोच, गळ्यात शिट्टी नाही, अंगात संघाचं जाकीट नाही, आणि फाटकाशी उभा राहून एकेकाला नावाने ओढून घेतोय. बारा नंबरला पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, दिसेना झाला. आमची बरोबरी झाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बीव्हर्सना शिव्या दिल्या. मग शेवटी शेवटी समोरचे पाचही जण जिभा काढून धापा टाकत असताना क्लॅरेन्सने फाटक उघडलं, आमची ताजी फळी सुटली, आणि तिसरा गोल.

जिंकलो. आपल्याच पायावर एवढा मोठा धोंडा पाडून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कोचच्या पहिल्या विजयाचा पक कोचला द्यायचा असतो. सॅवर्ड तो घेऊन आला आणि मधेच थांबला. सगळी पोरं क्लॅरेन्सकडे बघत होती. रोशॉन म्हणाला, "त्याला दे." क्लॅरेन्सने पक घेतला, ऑस्करच्या पेटीतली पांढरी टेप काढून त्याभोवती गुंडाळली, तिच्यावर रोशॉनचं नाव आणि तारीख घातली, आणि त्याच्या हातात दिला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या त्या भाजायच्या, वर त्यांना तूपही आपणच लावायचं.

परतीच्या वाटेवर रेडिओवर गॅलोवे बोलला. संघात जान आली म्हणाला, बदल हवाच होता म्हणाला, रोशॉनच आता पुढेही संघ बघेल. मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे," क्लॅरेन्स म्हणाला. "बाकीच्या सामन्यांचे निकाल सांगतील आता."

माझं डोकं असं फिरलं होतं की पुढच्या वळणावर बस जरा जास्तच घसरली.

हॅरिएट बेला पोचलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. हेल्मी गाडी सुरू ठेवून मैदानाबाहेर थांबलेली. तिने रेडिओवर सगळं ऐकलं होतं, सामनाही आणि गॅलोवेही. काच खाली करून ती आधी माझ्यावरच घसरली.

"फाटकावर कोण होतं?"

"मी सांगितलं होतं त्याला," मी म्हणालो. "हात धरला होता मी त्याचा."

क्लॅरेन्सने पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि तिच्याशेजारी जाऊन बसला. हेल्मी दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आता कुठलं गाव, क्लॅरेन्स?"

त्याने टोपी काढली, तिच्यावरचा बर्फ झटकला, आणि ती गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता तरी हा माणूस माफी मागेल.

"तिसरा गोल ऐकलास का?" त्याने विचारलं.

"ऐकला," हेल्मी म्हणाली, आणि तिने गिअर टाकला.