शिवणीतलं जादा कापड

आमच्या कोपऱ्यावरचे शिंपीकाका मापात सूतभरही चूक खपवून घेत नसत. पोटाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं निम्मं जठर गेलं आणि त्यांचं स्वतःचंच माप दर आठवड्याला बदलायला लागलं.

मी लॅबमध्ये रक्त तपासते. काकांच्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन फार कमी होतं. ते कमी असेल तर पुढचं अवघड असतं, हे डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून पुढच्या तपासणीच्या सकाळी काकूंनी काकांना बळेबळे चार अंडी चारली. काका पोट धरून माझ्यासमोर बसले.

"आता आकडा वाढेल ना गं?" काकूंनी विचारलं.

मी भडकलेच. "काकू, ही काय परीक्षा आहे, सकाळी घोकून पास व्हायला? रोज थोडं थोडं भरवा, महिनोन्‌महिने. आणि आजारही हटायला हवा."

काकूंनी मनावर घेतलं. शिलाई मशीनशेजारी कायम एक वाटी दिसू लागली. दोन शिवणी झाल्या की दोन घास.

थंडी सरता सरता आकडा चढला. "खात्री देत नाही हं," मी म्हटलं, "पण लक्षण चांगलं आहे."

काकांनी कमरेत बारीक केलेली पँट चाचपली. "आज उसवतो ही."

"पण कापड पुरेल?"

"न पुरायला काय झालं? बारीक करताना कापलंय कुणी? आत दुमडून ठेवलंय."