चुडामण मिस्तरीचे नवे ब्रेक

चुडामण मिस्तरीच्या तोंडून "नाही" हा शब्द तळोद्यात कुणी ऐकलेला नव्हता. ट्रकखाली चेपलेली सायकल आणून टाका, हा तिच्याभोवती एक चक्कर मारणार, कानामागची विडी तोंडात धरणार आणि म्हणणार, "व्हई जाई." कधी होईल, कशी होईल, हे विचारायचं नाही. त्याची बायको जसोदाबाई म्हणायची, "दारशी यम उना तरी हाऊ त्याले व्हई जाई म्हणी." तिच्या बोलण्यावर मिस्तरी स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायचा.

मूळचा तो धानोऱ्याचा. शेत बेताचं, भाऊ तिघं, म्हणून थोरल्याने त्याला नंदुरबारला एका सायकलवाल्याच्या हाताखाली लावून दिलं. आठ वर्षं पंक्चर काढून छपन्न साली तो दोन भाड्याच्या सायकली घेऊन तळोद्याला आला. पाच वर्षांत दोनाच्या अकरा झाल्या. हात चांगला होता, जीभ गोड होती, आणि डोंगरातून उतरणाऱ्या पावरा-भिलांशी तो बरोबरीने बोलायचा, अरे-तुरेची मस्ती नव्हती. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. चुडामण वाईट नव्हता, म्हणून ही गोष्ट सांगताना जिवावर येतं.

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर भोरकुंडीच्या घाटात शर्यतींचं खूळ निघालं. लाकडाच्या ट्रकांसाठी नुकताच रस्ता कापला होता. वर डोंगरमाथ्यावर आमलीपाडा, खाली पायथ्याला जंगलखात्याचं नाकं, आणि मध्ये अठरा वळणं. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल दरी. गावातल्या तरुण मंडळाने ठरवलं, होळीपर्यंत चार शर्यती घ्यायच्या. माथ्यावरून सायकल सोडायची, नाक्याचा बांबू जो आधी ओलांडेल तो पहिला. चारही शर्यतींचा हिशेब धरून जो पुढे राहील त्याला नवी कोरी सायकल.

चुडामणला सायकलीची हाव नव्हती. त्याला हवं होतं नाव. शहाद्याच्या एका मिस्तरीने म्हसावदच्या गिरधर गुजराची सायकल तयार केली होती, आणि तापीकाठची सगळी गुजर गावं आपल्या सायकली त्या मिस्तरीकडे न्यायची. त्याला घाटात एकदा धूळ चारली की ती गावं आपली, असा चुडामणचा साधा विचार. त्याने आपल्याकडची सगळ्यात दणकट सायकल निवडली, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात "चुडामण मिस्तरी, तळोदा" लिहून घेतलं आणि ती आमलीपाड्याच्या जालमसिंगच्या हाती दिली.

जालमसिंग कोळशाची पोती सायकलवर लादून घाट उतरायचा. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. उतरण्याची त्याची रीत खास डोंगरातली होती. दांड्याच्या ब्रेकचं रबर त्या उतारावर सात वळणांत झिजून जातं आणि मग लोखंड लोखंडावर नुसतं किंचाळत राहतं. मैदानातली पोरं तिथे घाबरून उतरायची आणि सायकल हातात धरून चालायची. जालमसिंगच्या पायात ट्रकच्या टायरच्या जाड वहाणा असत. सातव्या वळणापासून तो उजवा पाय उचलून पुढच्या चाकावर, चाक धरणाऱ्या चिमट्याच्या अगदी मागे, वहाणेसकट दाबायचा. पायाने वेग तोलत तो उरलेली अकरा वळणं उतरायचा. खाली पोचला की वहाणेतून धूर निघत असायचा.

पहिली शर्यत त्याने अशी जिंकली की गिरधर नाक्याला पोचला तेव्हा याची अर्धी विडी ओढून झाली होती. त्या दिवशी एका पोराचे समोरचे दात गेले. संक्रांतीला गिरधर पहिला आला, त्याने शहाद्याहून नवी सायकल बनवून आणली होती. त्या दिवशी एकाच्या खांद्याचं हाड मोडलं. शिवरात्रीला दोघांनी बांबू एकदमच ओलांडला, आणि त्या दिवशी बोरदचा एक जण सरळ दरीत गेला. अंजनाच्या झाडात अडकला म्हणून वाचला, पण त्याला वर काढला तेव्हा तो आपलं नाव विसरला होता. घाट दर खेपेला थोडं जास्त मागत होता. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण चौथ्या शर्यतीत निकाल लागायचा होता.

चौथी शर्यत होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी होती. त्याच्या चार दिवस आधी जालमसिंग दुकानावर आला तो अनवाणी. अंगाला राख, कमरेला घुंगरांची माळ. सायकल त्याने भिंतीला टेकवली आणि खाली जमिनीवर बसला. चुडामणने स्टूल पुढे केलं तर त्याने हाताने नको म्हटलं.

"पालनी शे मन्ही," तो म्हणाला.

चुडामणला पालनी माहीत होती. होळीचा नवस बोललेला माणूस त्या दिवसांत खाटेवर, स्टुलावर बसत नाही, जमिनीवर निजतो, बायकोच्या हातचं खात नाही, आणि पायात काही म्हणजे काही घालत नाही. जालमसिंगची दोन मुलं जन्मल्या महिन्यात गेली होती. तिसरं मूल, ही मुलगी, या थंडीत झाली आणि जगली. तिच्यासाठीच त्याने होळीला पालनी बोलली होती. ती मोडली तर काय होईल याचा विचारही तो करू धजत नव्हता.

"वहाणा नही घालाव," जालमसिंग म्हणाला. "पायबिगर मी घाट कसा उतरू? तू दुसरा माणूस देख, दादा. मी शर्यत सोडस."

इथे चुडामणने "बरं" म्हणायला हवं होतं. तेवढा एक शब्द पुरला असता. पण चार दिवसांत दुसरा माणूस कुठून आणणार? आणि शहाद्याच्या मिस्तरीचं हसणारं तोंड त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तोंडातून सवयीने आलं तेच आलं.

"व्हई जाई. मी नवा ब्रेक बसाडी देस. जाड रबर, पक्का. खाललोंग टिकी. तुले पाय लावानी गरजच पडाव नही."

जालमसिंगने मान वर केली. "खरं?"

"मन्हावर भरोसा नही का?"

भरोसा होता, तीच अडचण होती. जालमसिंग उठला, त्याच्या चेहऱ्यावरचा भार उतरला होता, आणि तो अनवाणीच बाजाराच्या गर्दीत मिसळून गेला.

चुडामणने नंदुरबारहून मागवलेलं रबर बसवलं. ते चांगलं होतं, जुन्याहून जाड होतं, यात लबाडी नव्हती. पण तीन शर्यतींनंतर तीन वेळा ब्रेक त्यानेच उघडले होते. किती झिजतं, कुठे झिजतं, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. जसोदाबाई भाकरी थापता थापता त्याच्याकडे बघत होती.

"हाऊ रबर टिकी का?" तिने विचारलं.

"दहाव्या वळणलोंग टिकी."

"आन् मंग?"

"मंग उतार कमी शे," तो म्हणाला. उतार कमी नव्हता. अकराव्या वळणावर तर रस्ता सगळ्यात उभा होता. हे दोघांनाही माहीत होतं, कारण जसोदाबाईचं माहेर घाटाच्या पायथ्याचं. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "त्याले सांगी दे." चुडामण हात पुसत बाहेर गेला. चारही दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही, आणि चारही दिवस तो उद्या सांगू, उद्या सांगू असं करत राहिला.

भोंगऱ्याच्या दिवशी पायथ्याला माणूस मावत नव्हता. ढोल सकाळपासून वाजत होते. पोरी नवी लुगडी नेसून गुलाल घेऊन उभ्या होत्या, शेवेच्या आणि साखरेच्या हार-कंगणांच्या दुकानांसमोर रांगा होत्या. चुडामण नाक्याच्या बांबूजवळ उभा होता. वर सायकली सुटल्याचा बार झाला. नेहमी तिसऱ्या वळणावर सायकली उघड्यावर यायच्या आणि खालून दिसायच्या. आजही दिसल्या. जालमसिंग पुढे होता, बराच पुढे. लोक ओरडले. चुडामण मनातल्या मनात वळणं मोजायला लागला. सात. आठ. दहावं वळण झाडीत होतं, तिथून पुढे काही दिसत नसे, फक्त ऐकू यायचं. त्याने ऐकलं. लोखंडाची किंचाळी, लांबट, आणि मग ती एकदम थांबली.

बराच वेळ कुणीच आलं नाही. मग गिरधर आला, पण सायकलवर नाही. तो धावत आला, अंगातला सदरा काढलेला, हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले. बांबू त्याने ओलांडला नाही. अलीकडेच उभा राहून ओरडला, "खाट आना! पाय गया त्याना!" आपला सदरा त्याने जालमसिंगच्या पायाला करकचून बांधला होता, आणि शर्यत तिथेच सोडून दिली होती. गुजराच्या पोराला लोक गर्विष्ठ म्हणत. त्या दिवसानंतर कुणी म्हटलं नाही.

अकराव्या वळणावर जालमसिंगने अनवाणी पाय चाकावर दाबला होता. चाकाने तो ओढून चिमट्यात घेतला. सायकल जागच्या जागी थांबली आणि तो तिच्यावरून पुढे फेकला गेला. खाट घेऊन लोक वर पोचले, चुडामणही पोचला, तेव्हा पोटरीखाली काही ओळखू येत नव्हतं. पण तो शुद्धीवर होता, आणि खाटेवर ठेवू नका, जमिनीवर ठेवा, असं पुन्हा पुन्हा सांगत होता, कारण पालनी संपायला अजून तीन दिवस होते. कुणी ऐकलं नाही.

"ब्रेक लागनाच नही का रे?" गिरधरने मिस्तरीला विचारलं. सगळे चुडामणकडे बघत होते.

"ब्रेक नवा शे," चुडामण म्हणाला. "तो घाबरना आसी."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग त्याच्या मागे धावणं भाग पडलं. लोक जीप शोधायला पळाले, तेवढ्यात याने सायकल खांद्यावर घेतली आणि दुकान गाठलं. रबर संपून पत्रा उघडा पडला होता, रिम तापून निळी झाली होती. त्याने भर दुपारी दार लोटून घेतलं, झिजलेलं रबर काढून चुलीत टाकलं, रिम घासली, आणि नंदुरबारच्या रबरातली उरलेली नवी जोडी बसवून तिला थोडी कानस मारली, वापरलेली दिसावी म्हणून. जसोदाबाई चुलीजवळच बसली होती. रबराचा वास घरभर झाला. संध्याकाळी मंडळाची माणसं सायकल बघायला आली. ब्रेक ठणठणीत होते.

धुळ्याच्या दवाखान्यात जालमसिंगचा पाय गुडघ्याखाली काढला. तो जगला. पण डोंगरात दुसरीच बोलणी सुरू झाली. ब्रेक चांगला होता, सायकल चांगली होती, मग हा पडला कसा? पालनीतल्या माणसाने भ्यायचं नसतं. ज्या देवाला नवस केला त्याच्यावर भरवसा ठेवायचा असतो. याचा भरवसा डळमळला म्हणून याने पाय घातला. आणि तसं असेल तर ती पालनी देवापर्यंत पोचलीच नाही. मुलीची आई कालीबाई तेव्हापासून पोरीला खाली ठेवेना, आणि तिला शिंक आली तरी रडायला लागायची. चुडामणच्या दुकानावर मात्र गर्दी वाढली. असे ब्रेक मिस्तरी बसवतो, की पाय घालायची गरज नव्हती, असं बाजारात सगळीकडे झालं होतं. तापीकाठच्या गुजरांच्या सायकलीही यायला लागल्या.

पावसाळा सरल्यावर एका बाजाराच्या दिवशी दुकानासमोर बैलगाडी थांबली. जालमसिंग काठीवर उतरला. बरोबर आमलीपाड्यातल्या नवस-पालनीचं बघणारा पुजारा आमशा होता, आणि मागे कालीबाई, कडेवर मुलगी. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. जालमसिंगला कुणी स्टूल दिलं, आता तो त्यावर बसला.

"तुन्हावर राग नही, दादा," तो म्हणाला. "आमशाबावाले एक गोट समजाले पाहिजे. लोखंडानी दगा दिना आसी, ते मन्ही पालनी पुरी व्हयनी. मी भ्यायी गऊ आसू, ते पाच होळ्या परत पालनी. मले काहीच याद नही. डोकावर पडनू ना." तो थांबला. "मी पाय नसता घाला, ते ब्रेक लागता का? तू जे सांगशी ते खरं."

आमशाने मान पुढे केली. कालीबाईचे डोळे मिस्तरीच्या तोंडावर खिळले होते. ती काय ऐकायला आली आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. जसोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या दारात उभी होती. गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती, आणि त्यांतले दोघे गिरधरच्या म्हसावदचे होते.

चुडामणने हातातला पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"हां," तो म्हणाला. "लागता."

कालीबाईने मुलीला पदराखाली घेतलं. आमशाने बोटांवर पाच होळ्या मोजल्या. जालमसिंगने मान हलवली, चूक आपलीच निघाली हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, नुसती लाज आली. जाताना त्याने चुडामणला दोन्ही हात जोडले आणि खरं सांगितल्याबद्दल त्याचे उपकार मानले.