मी बाकावरून उठलो नाही

गाव सोडलं त्या दिवशी अब्बांनी माझ्या डोक्यातला कापूस वेचला. गडहिंग्लजच्या वेशीबाहेर गुळाची गाडी उभी, गाडीवानाला निघायची घाई, अम्मा डोळ्यांना पदर लावून बसलेली, आणि हा माणूस माझं मुंडकं धरून केसांतला एकेक तंतू काढतोय. "पिंजाऱ्याचं पोर हाय हे कॉलेजात कळायला नगं," म्हणाले. मी म्हणालो, "कळलं तर कळू दे की." तेव्हा मला आमच्या धंद्याचा मोठा अभिमान होता. कोल्हापूर येईपर्यंत तो निम्मा वाटेत सांडला, उरलेला इथं आल्यावर.

आम्ही पिंजारी. लोकांच्या गाद्या-उशांतला दबलेला कापूस पिंजून फुलवायचा, परत भरून द्यायचा. त्यासाठी माणसाएवढी लाकडी कमान असते, तिला आतड्याची तात ताणून बांधलेली. कल्हईवाला गल्लीत ओरडतो, बांगडीवाला ओरडतो. पिंजारी ओरडत नाही. तो नुसती तात छेडत जातो आणि बायका घरातून गादी काढून ठेवतात. प्रत्येकाच्या तातीचा आवाज निराळा. अब्बांची जरा बसक्या गळ्याची. लहानपणी ती लांबून ऐकू आली की मी विटी-दांडू टाकून पळत सुटायचो, कारण अब्बा आठ-आठ दिवस खेड्यांतून फिरून घरी येत असायचे.

कोल्हापूरच्या महाराजांच्या कृपेनं आमच्यासारख्यांना बोर्डिंग मिळालं, फी माफ झाली. खोटं कशाला बोलू, जेवण घरापेक्षा चांगलं होतं. तरी पहिलं वर्ष मी पोटभर जेवून उपाशी राहिलो. अम्माची शिवी नाही, अब्बांचं खोकणं नाही, नाकात कापूस नाही, तर झोप कशी यायची? मग हळूहळू येऊ लागली. 'हाय'चं 'आहे' झालं, 'न्हाय'चं 'नाही' झालं. लेक्चर, टर्म, सुपरिंटेंडेंट असले शब्द तोंडात बसले. सुट्टीत घरी गेलो तर अम्मा म्हणाली, "हे सायब कवा आलं आमच्यात?" सगळे हसले, मीही हसलो. मनातून मात्र वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी प्रोफेसरांनी निबंध घातला, मनुष्यजन्माचा हेतू. मी आठ पानं भरली. ज्ञान, परोपकार, देशसेवा, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. प्रोफेसरांनी तो वर्गात वाचून दाखवला, पोरांनी बाकं बडवली. मी मान खाली घालून बसलो, कारण त्यातलं एक अक्षर माझं नव्हतं. अब्बांच्या हातून रोज दोन-चार माणसांच्या पाठीला सुख मिळतं. माझ्या हातून काय होतं? आठ पानं. हा प्रश्न डोक्यात असा शिरला की अभ्यास होईना. शेवटी घरी पत्र लिहिलं. "इथं शिकून माझ्या जन्माचं काय होणार, उमगत नाही. तुम्हाला दमा, हाताखाली कोणी नाही. तुम्ही ये म्हणालात तर येतो." पत्र गावचे मास्तर वाचून दाखवायचे. महिना झाला, उत्तर नाही.

एका शनिवारी तर्कशास्त्राच्या लेक्चरात खिडकीतून तात ऐकू आली.

बसक्या गळ्याची. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? अब्बा दोन मुक्काम करून, चालत, मला न्यायला आले होते. आता मला काय वाटलं ते सरळ लिहितो. आनंद झाला नाही, भीती वाटली. पत्रात लिहिलेलं सगळं खरं होतं, फक्त मला जायचं नव्हतं, आणि हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आवाज कॉलेजच्या कुंपणाला वळसा घालून गेला. परत आला. तिसऱ्यांदा आला. शेजारचा पोरगा कुजबुजला, "पिंजारी हाय वाटतं." मी म्हणालो, "असेल." आणि वहीत काहीतरी लिहीत राहिलो. मग आवाज लांब गेला.

बोर्डिंगात परतलो तर स्वयंपाकी म्हणाला, "पावणं आलतं. तुझी गादी मागून घेतली, उसवली, अंगणात बसून कापूस पिंजला, भरून शिवली आन् गेलं. जेवा म्हटलं तर नुसतं पाणी प्यालं." भाकरीसारखी झालेली माझी गादी गुडघ्याएवढी फुगली होती. अंगणात अजून तंतू उडत होते. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रविवारी फटफटायला निघालो. कागलच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या घरी, पुढच्या सोप्यात अब्बा सापडले. वाटेत काम मिळालं म्हणून थांबलेले, भुवयांपर्यंत पांढरे. त्यांनी हात थांबवला. सांगायचं म्हणून काय काय घोकून आलो होतो, त्यातलं एवढंच निघालं, "मी ऐकलं होतं, अब्बा."

"म्हाईत हाय."

"मग आत का नाही आलात? निरोप तरी धाडायचा."

"आत येऊन काय इचारू? बापानं तोंडानं इचारलं की पोराला न्हाय म्हणवत न्हाय. मुकाट माझ्या मागनं आला असतास." त्यांनी नाकातोंडावरचं फडकं खाली केलं. "म्हनलं, तात वाजवू. घरला यायचं असंल तर पोरगं पळत येतंय, ल्हानपणापास्नं येतंय. तीन फेऱ्या मारल्या. न्हाय आलास. तवा म्हनलं, हितंच ऱ्हाणार हाय, तर अंथरूण तरी नीट असू दे."

मी तिथंच, परक्याच्या सोप्यात, घळाघळा रडलो. अब्बांनी रडू दिलं. मग म्हणाले, "जा आता. ऊन व्हतंय."

आता बी. ए.चं शेवटचं वर्ष आहे. जन्माचा हेतू मला अजून सापडलेला नाही, आणि तो निबंध मी कधीच फाडून टाकला. घराची ओढ मात्र गेली नाही, उलट वाढली. परीक्षेआधी महिनाभर मी दिवस मोजत असतो. घरी पोचलो की अम्मा पहिली भाकरी मला वाढते, पाहुण्याला वाढतात तशी. अब्बा जवळ येऊन बसतात. पूर्वी म्हणायचे, "आलास व्हय?" आता विचारतात, "कवा जाणार?"

आणि मी तारीख सांगतो.