दहाचा आकडा नसलेला नाग

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तशी आम्ही तात्यापारा मोहल्ल्यातलं भाड्याचं घर सोडलं न शहराबाहेर नवं घर बांधलं. कालपरवापर्यंत तिथं धानाची शेतं होती, साप निघणारच. पण आमच्या आईला सापांतलं सगळं ठाऊक! दर नागपंचमीला ती पाटावर गंधानं नाग काढायची न त्याच्या फण्यावर दहाचा आकडा. आकडा असला तर नाग, नाही तर धामण. विदर्भातून आणलेलं हे शास्त्र तिनं कधी तपासलं नाही.

एका दुपारी न्हाणीमागच्या विटांतून काळपट साप निघाला. आई झाडू घेऊन त्याच्यामागं. मी नको नको म्हणते, पण ऐकेल तर शपथ! साप आमच्याकडं पाठ करूनच गुडघाभर उठला न फणा पसरला. बाप रे, काय ती ऐट! मी भ्यायचंच विसरले. फण्याच्या पाठीवर फिकट रंगाचं एकच गोल कडं होतं, मध्ये काळा ठिपका.

"फणा कोणीबी काढते," आई म्हणाली. "आकडा कुठं हाय?"

न झाडू पुढं केला. साप वळला, जबडा उघडला, फुस्स झालं, न आईनं डोळे दाबून धरले. मी तिचे हात ओढून काढले न बादलीभर पाणी तिच्या डोळ्यांवर ओतत राहिले. साप आरामात मागं उरलेल्या धानाच्या शेताकडं निघून गेला.

डॉक्टरांनी आईच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. मी सापाचं वर्णन केलं तसं ते म्हणाले, हाही नागच. ह्या जातीच्या फण्यावर एकच गोल असतो, न कधी कधी हा विष उडवतो. चावला नाही हे नशीब. डोळ्यांचं मात्र पट्टी सुटल्यावरच कळेल. मला आईचा असा राग आला होता की विचारू नका.

पट्टी सुटली. तिनं बराच वेळ डोळे मिचकावले, मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "काहून रडून राहिली?"

पुढच्या नागपंचमीला तिनं पाटावर दोन नाग काढले. एकाच्या फण्यावर दहाचा आकडा, दुसऱ्याच्या एकच गोल. उजव्या डोळ्यानं तिला अजून अंधुकच दिसायचं, म्हणून गोल वाकडा झाला. नीट करायला मी बोट पुढं केलं तर तिनं माझा हात बाजूला सारला.

"राहू दे. त्याचं दर्शन मले झालं हाय."

न दोघांनाही तिनं हात जोडले.